प्रदर्शनातला गुलाबी दाणा आणि दुसऱ्या दिवशीची बातमी: बीजप्रक्रियेतल्या या चुका टाळा

डिसेंबरात पुण्याजवळ मोशीला किसान प्रदर्शन भरतं, हिवाळ्यातच नागपुरात अ‍ॅग्रोव्हिजन, जानेवारीत बारामतीला कृषिक. शेतीच्या बातम्या करताना माझे हिवाळे अशाच मांडवांमध्ये गेले. पेरणीआधी बियाण्याला औषध किंवा जिवाणू लावायच्या, म्हणजेच बीजप्रक्रियेच्या, स्टॉलवर गर्दी हमखास असते, कारण तिथे बघायला काहीतरी असतं. दोन ट्रे, एकात प्रक्रिया केलेल्या बियाण्याची जोमदार रोपं, दुसऱ्यात न केलेल्याची मरतुकडी. शेजारी गुलाबी-लाल रंगाचं चकचकीत बियाणं. शेतकरी मोबाइलवर फोटो काढतो, पत्रकार माहितीपत्रक पिशवीत टाकतो, आणि दुसऱ्या दिवशी बातमी येते. पाऊस पडतो जूनमध्ये. तोवर माहितीपत्रक हरवलेलं असतं आणि हाताशी उरतं ते बातमीचं कात्रण किंवा गावच्या ग्रुपवर फिरणारा फोटो. बियाण्याला औषध लागतं ते त्या कात्रणाच्या भरवशावर. त्यामुळे बातमीतला एक शब्द चुकला, तर त्याची किंमत शेतात मोजावी लागते.

हे मी ऐकीव सांगत नाही. एका प्रदर्शनातून सोयाबीनच्या बीजप्रक्रियेची बातमी मी पाठवली होती. घाईत ‘१० मिली’ एवढंच लिहिलं, कशाला ते लिहिलं नाही. डेस्कवर कुणीतरी वाक्य पूर्ण केलं: ‘प्रति लिटर पाणी’. फवारणीच्या बातम्यांमध्ये नेहमी तसंच असतं, त्यामुळे कुणाला खटकलंही नाही. खरं प्रमाण होतं प्रति किलो बियाणे. पेरणीच्या दिवसांत एका शेतकऱ्याचा फोन आला. त्यांनी कात्रण जपून ठेवलं होतं, सांगितल्याप्रमाणे पाण्यात औषध कालवलं आणि दोन पिशव्या बियाणं त्यात भिजत घातलं. सोयाबीनचं टरफल पातळ. दाणे फुगले, सालं सुटली, डाळ होऊन हातात आली. “बातमीत तर तसंच होतं ना, साहेब?” एवढंच ते म्हणाले. दुरुस्ती आम्ही छापली, पण ती आतल्या पानावर, चार ओळींची. ती त्यांच्यासारख्या किती जणांनी वाचली असेल?

‘किलोला’ की ‘लिटरला’

म्हणून पहिली आणि सर्वांत महागात पडणारी चूक ही: एकक न बघता आकडा उचलणं. सोयाबीन, हरभरा, तूर, ज्वारी यांच्या बीजप्रक्रियेचं प्रमाण किलो बियाण्याला असतं. ज्वारीच्या काणी या बुरशीच्या रोगासाठी ३०० मेश (बारीक भुकटीचं) गंधक चार ग्रॅम, ते किलोला. उसाचं बेणं, म्हणजे लावायच्या कांड्या, मात्र द्रावणात बुडवतात, म्हणून तिथे प्रमाण पाण्याला: कार्बेन्डाझिम हे बुरशीनाशक १०० ग्रॅम, १०० लिटर पाण्यात. दोन्ही गोष्टींना आपण ‘प्रक्रिया’च म्हणतो, आणि एकाच बातमीत दोन पिकं आली की आकडे सहज एकमेकांत मिसळतात. कात्रणात एकक नसेल तर ते कात्रण वापरू नका. डब्यावरचं लेबल आणि आतलं माहितीपत्रक वाचा, नाहीतर गावच्या सहायक कृषी अधिकाऱ्यांना (पूर्वीचे कृषी सहायक) विचारा.

याच्या जोडीची दुसरी चूक नावाची. थायामेथोक्झाम हे कीटकनाशक बाजारात २५ टक्के डब्ल्यूजी (पाण्यात मिसळायचे दाणे) मिळतं आणि ३० टक्के एफएसही (बियाण्यासाठीचं पातळ औषध) मिळतं. पहिलं फवारणीचं, दुसरं बियाण्याला लावायचं. बातमीत नुसतं ‘थायामेथोक्झाम’ आलं की दुकानदार समोर असलेला डबा देतो. बियाण्यासाठी बनवलेल्या औषधात चिकटणारा घटक असतो आणि रंगही असतो. तो रंग शोभेचा नाही. हा दाणा खायचा नाही, हे ओळखू यावं म्हणून तो घातलेला असतो. सोयाबीनवरच्या खोडमाशीसाठी ३० एफएसचं प्रमाण किलोला १० मिली आहे. म्हणजे एकराच्या ३० किलो बियाण्याला ३०० मिली. ते मुळात पातळ औषध असल्यामुळे त्यात वर तांब्याभर पाणी ओतायची गरज नसते. शेतकरी नेमकं तेच करतात, कारण ३०० मिलीत ३० किलो कसं माखणार असं वाटतं. ड्रम सावकाश फिरवला की माखतं.

ट्रे बघून भुलू नका

स्टॉलवरचा ट्रे खोटाच असतो असं मी म्हणणार नाही. बऱ्याच कंपन्यांची माणसं मनापासून काम करतात. पण ट्रेमधून काय कळतं आणि काय कळत नाही, हे माहीत हवं. बहुतेक ट्रेमध्ये कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, असतं. शेताच्या मातीतली बुरशी त्यात नसते, खोडमाशी नसते, पेरणीनंतर आठ दिवसांची उघडीप नसते, पापडी धरणारी काळी जमीन नसते. मग मातीतून येणाऱ्या रोगावरचं औषध त्या ट्रेमध्ये कशाशी झुंजतंय? तरीही दोन ट्रेमध्ये जमीन-अस्मानाचा फरक दिसत असेल, तर थांबून विचारा: दोन्हीत बियाणं एकाच लॉटचं आहे का? एकाच दिवशी टाकलं का? किती दाणे टाकले आणि किती उगवले? खत-पाणी सारखंच दिलं का? चांगला प्रतिनिधी उत्तर देतो, वहीही दाखवतो. “साहेब, रिझल्ट समोर आहे ना,” असं उत्तर आलं तर बातमीत त्या ट्रेचा फोटो वापरू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

हल्ली याच टेबलावर औषधाशेजारी पिकाची वाढ सुधारण्यासाठीच्या जैव उत्तेजकांच्या बाटल्या असतात. समुद्री शेवाळाचा अर्क, ह्युमिक, अमिनो आम्लं. २०२१ साली केंद्राने जैव उत्तेजकांना खत नियंत्रण आदेशाखाली आणलं. कीटकनाशक-बुरशीनाशकांची नोंदणी वेगळ्या कायद्याखाली, १९६८ च्या कीटकनाशक कायद्याखाली होते. त्यामुळे जैव उत्तेजकाच्या बाटलीवर ‘मर रोगावर उपाय’ असं कुणी तोंडी सांगत असेल, तर ते लेबलवर दाखवा म्हणावं.

मेलेलं बियाणं औषधाने जिवंत होत नाही

२०२० चा खरीप आठवा. सोयाबीन उगवलं नाही म्हणून मराठवाडा-विदर्भातून तक्रारींचा ढीग आला आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली. मूळ दुखणं आदल्या हंगामातलं होतं. २०१९ च्या ऑक्टोबरात काढणीच्या वेळी पाऊस झाला आणि पीक भिजलं. त्या दिवसांत ‘बीजप्रक्रिया करा, उगवण वाढवा’ असे मथळे सगळीकडे झळकले. मथळा अर्धा खरा होता. बीजप्रक्रिया उगवणाऱ्या दाण्याला बुरशीपासून आणि किडीपासून वाचवते. ज्याचा गर्भच मेला आहे त्याला ती उठवू शकत नाही.

म्हणून औषधाच्या आधी उगवण तपासा. ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळीत १०० दाणे मांडा, गुंडाळी करून सावलीत ठेवा, ओल टिकवा, सात-आठ दिवसांनी मोजा. ७० उगवले तर नेहमीचं एकरी ३० किलो ठीक. ६० उगवले तर हिशोबाने ३५ किलो. त्याहून फार खाली गेलं तर औषधावर पैसे घालू नका, बियाणं बदला. ही चाचणी मात्र बीजप्रक्रियेआधी घ्या, कारण औषध लावलेलं बियाणं नंतर डाळीला किंवा तेलाला चालत नाही.

आणि पिशवी आधीच गुलाबी असेल तर? बीटी कपाशीचं बियाणं बहुधा औषध लावूनच येतं, सोयाबीनच्याही काही पिशव्या तशा येतात. पिशवीवर कोणतं औषध लावलंय ते छापलेलं असतं. ते न वाचता घरी पुन्हा तेच लावणं म्हणजे कोवळ्या मोडाला दुहेरी मात्रा.

जिवाणूंच्या बाबतीत सगळ्यात जास्त गोंधळ

मुळांवर गाठी करून पिकाला हवेतलं नत्र मिळवून देणारा रायझोबियम हा जिवाणू माझ्या जिव्हाळ्याचा विषय. २५० ग्रॅमचं पाकीट दहा किलो बियाण्याला पुरतं, म्हणजे खर्च अगदी थोडा, आणि चुका मात्र सर्वांत जास्त इथेच.

पहिली चूक, ‘सगळ्या कडधान्यांना एकच रायझोबियम’. सोयाबीनच्या मुळावर गाठी करणारा जिवाणू वेगळा, हरभऱ्याचा वेगळा. सोयाबीनचं उरलेलं पाकीट रब्बीत हरभऱ्याला लावलं तर लावल्याचं समाधान तेवढं मिळतं. बातमीत ‘रायझोबियम लावा’ असं न लिहिता ‘सोयाबीनचं रायझोबियम’ असं लिहायला एकच शब्द जास्त लागतो.

दुसरी चूक क्रमाची. आधी बुरशीनाशक, मग कीटकनाशक, आणि ते सुकल्यावर पेरणीच्या तोंडावर शेवटी जिवाणू. सगळं एकाच घमेल्यात कालवलं की जिवाणू औषधातच मरतात. रोगाच्या बुरशीशी लढणारा ट्रायकोडर्मा तर स्वतःच बुरशी आहे. कार्बेन्डाझिम लावून वर ट्रायकोडर्मा चोळणं म्हणजे पाहुण्याला बोलावून दार लावून घेणं. रासायनिक बुरशीनाशक किंवा ट्रायकोडर्मा, दोन्हींतलं एक निवडा. हरभऱ्यात मर रोगाचा इतिहास असलेल्या रानात मी ट्रायकोडर्माकडे झुकतो.

तिसरी चूक उन्हाची. जिवाणूचं पाकीट गाडीच्या डिकीत, टपरीच्या पत्र्याखाली, बांधावर उन्हात. आत जिवंत माल आहे हे विसरलं जातं. प्रदर्शनातल्या स्टॉलवर दिवसभर दिव्याखाली ठेवलेली नमुन्याची बाटली फुकट मिळाली तरी पुढच्या जूनसाठी जपून ठेवू नका. अंतिम तारीख बघा, सावलीत ठेवा, सावलीतच लावा, काही तासांत पेरा.

काम झालं की नाही, हे बघायचा उपाय सोपा आहे. साधारण ४० दिवसांनी, फुलोऱ्याच्या सुमारास, दोन-चार झाडं खुरप्याने अलगद उपटा. गाठी नखाने फोडा. आतून गुलाबी-लाल असतील तर नत्राचं काम चालू आहे. पांढऱ्या किंवा हिरवट असतील तर गाठी नुसत्या दिसायला आहेत. प्रदर्शनातल्या दहा ट्रेंपेक्षा ही एक गाठ जास्त खरं सांगते.

धूळ, हात आणि फोटो

औषध दाण्याला नीट चिकटलं नाही तर काय होतं, याचं एक उदाहरण जर्मनीतलं आहे. २००८ च्या वसंतात ऱ्हाइनच्या खोऱ्यात मधमाश्या मोठ्या संख्येने मेल्या. मक्याच्या बियाण्यावरचं क्लोथियानिडिन हे कीटकनाशक नीट चिकटलं नव्हतं. हवेच्या दाबावर चालणाऱ्या पेरणीयंत्रातून त्याची धूळ उडाली आणि फुलांवर बसली. तिथल्या सरकारने अशा औषधांची परवानगी लगेच थांबवली. पुढे २०१८ मध्ये युरोपीय संघाने क्लोथियानिडिन, इमिडाक्लोप्रिड आणि थायामेथोक्झाम यांचा उघड्या शेतातला वापर बंद केला. आपल्याकडे इमिडाक्लोप्रिड आणि थायामेथोक्झाम बियाण्याला चालतात, पण धूळ इथेही धूळच असते. सुकी पावडर बियाण्यावर टाकून हाताने चोळू नका. ती नाकात जाते, आणि तिफणीमागे चालणाऱ्या बाईमाणसाच्या अंगावरही येते.

म्हणूनच पाहुण्यांनी उघड्या हातात गुलाबी दाणे धरल्याचा फोटो मला बघवत नाही. मूठ पुढे, चेहऱ्यावर हसू, आणि हातमोजे नाहीत. असा फोटो छापला की पुढच्या हंगामात घरोघरी तेच होतं. फोटोसाठी दोन मिनिटं थांबून हातमोजे घालायला सांगा. आजवर मला कुणी नाही म्हणालेलं नाही. उरलेलं बियाणं कोंबड्यांपुढे टाकू नका, रिकामी पिशवी धान्याला वापरू नका.

सोयाबीन चोळण्यात आणखी एक धोका आहे. काहीजण बांधकामाच्या मिक्सरमध्ये बियाणं फिरवतात. त्यात दाणा फुटतो. बीजप्रक्रियेचा ड्रम नसेल तर ताडपत्रीवर दोघांनी दोन टोकं धरून बियाणं हलवावं.

उगवलं नाही तर आधी ओळ उकरा

पेरणीच्या ओळीत खाडे, म्हणजे रिकाम्या जागा, दिसले की लगेच औषधाला किंवा कंपनीला दोष देण्याआधी खुरपं घ्या. दाणा टणक आणि कोरडा असेल तर ओल कमी पडली. ७५ ते १०० मिलिमीटर पावसाआधी पेरलं होतं का, ते आठवा. दाणा कुजून बुरशी धरली असेल तर पाणी साचलं, बियाणं कमजोर होतं किंवा प्रक्रिया नीट बसली नाही. मोड वाकडा होऊन मातीखाली अडकला असेल तर खोल पेरलं किंवा पापडी आली. तीन-चार सेंटिमीटर पुरे असतं. दल, म्हणजे मोडाची पहिली जाड पानं, कुरतडलेलं असेल तर वाणी हा अनेक पायांचा किडा किंवा गोगलगायी. २०२२ मध्ये लातूर, बीड, धाराशिव भागात शंखी गोगलगायींनी कोवळं सोयाबीन फस्त केलं, आणि अनेकांनी बीजप्रक्रियेला दोष दिला. गोगलगायीवर बीजप्रक्रियेचा उपयोग होत नाही.

आणि दाणा खरंच निकृष्ट वाटला तर? तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे किंवा पंचायत समितीच्या कृषी अधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार लगेच द्या. त्यासाठी पावती, पिशवी, तिचा टॅग आणि मूठ-दोन मूठ मूळ बियाणं लागतं. सगळ्या बियाण्याला घरी औषध लावून टाकलं तर ‘तुमच्या प्रक्रियेनेच बिघडलं’ असं उत्तर मिळू शकतं. म्हणून पिशवी खालून फोडा, वरचा टॅग शाबूत ठेवा, आणि औषध लावण्याआधी थोडं बियाणं त्याच पिशवीत बाजूला राहू द्या.

बातमीदार मित्रांना एवढंच: स्टॉलवरून निघताना वहीत पाच गोष्टी आहेत का बघा. पीक, औषधाचं पूर्ण नाव टक्क्यांसह, प्रमाण, ‘प्रति किलो बियाणे’ हे तीन शब्द, आणि तो दावा कुणाच्या, किती हंगामांच्या चाचणीवर उभा आहे ते. प्रवासखर्च कंपनीने केला असेल तर तेही बातमीत लिहा. आणि बातमी डेस्कला पाठवल्यावर फोन करून ती ओळ एकदा वाचून घ्या. मी आता दरवेळी घेतो.