शाश्वत फॅशन डिझाइनचे शिक्षण आणि कामाची सुरुवात

अभ्यासक्रम निवडताना त्याच्या नावातील ‘शाश्वत’ या शब्दाला भुलू नये. विद्यार्थ्यांना कापडाची रचना, रंगाई आणि बेतणे प्रत्यक्ष हाताने शिकवले जाते का, हे आधी पाहावे. कापूस आणि पॉलिएस्टर यांच्या मिश्र कापडातील तंतू पुन्हा वेगळे करणे अवघड असते, त्यामुळे वस्त्राचे पुढे काय होणार याचा बराचसा निर्णय डिझायनर कापड निवडतो त्याच क्षणी होऊन जातो.

सरावासाठी एखादा जुना शर्ट पूर्ण उसवावा. शिवण कुठे दुहेरी आहे, अस्तर कशाने चिकटवले आहे, कोणता भाग आधी झिजला, हे त्यातून जितके कळते तितके (माझ्या मते) व्याख्यानातून कळत नाही. त्यानंतर चिंध्या जवळजवळ उरणारच नाहीत असा बेत आखून पाहावा. किमोनो हा जपानी पारंपरिक पोशाख अरुंद पन्ह्याच्या कापडाच्या सरळ तुकड्यांतून शिवला जातो, म्हणून तो या पद्धतीचा उत्तम नमुना ठरतो.

प्रमाणपत्रांची भाषाही समजून घ्यावी. उदाहरणार्थ, ‘गॉट्स’ (ग्लोबल ऑरगॅनिक टेक्सटाइल स्टँडर्ड) या सेंद्रिय कापडाच्या जागतिक मानकाच्या खुणेसाठी कापडात किमान 70 टक्के सेंद्रिय तंतू असावे लागतात, आणि रसायने, सांडपाणी व कामगारांची स्थिती यांचीही तपासणी होते.

पोर्टफोलिओत केवळ देखणी छायाचित्रे नकोत. फसलेले नमुने, वापरलेल्या कापडाचे मोजमाप आणि दुरुस्तीची सोय यांची नोंद हवी. पहिली नोकरी नमुने शिवणाऱ्या विभागात मिळाली तरी ती आनंदाने स्वीकारावी. स्वतःचे काम सुरू करायचेच असेल, तर उरलेल्या कापडातून मोजकेच कपडे, मागणी आल्यावरच शिवावेत.