विमान बदलताना मधली वाट अडली तर: या चुका टाळा

लोहगावच्या विमानतळाने पुणेकरांना एक सवय लावून ठेवली आहे. सुरक्षा तपासणी झाली की गेट डोळ्यांसमोर, फार तर पाच-सात मिनिटांची चाल. जुलै २०२४ मध्ये नवं टर्मिनल सुरू झालं, जागा वाढली, पण सवय तीच राहिली. दिल्ली, मुंबई, सिंगापूर किंवा अटलांटाला विमान बदलताना मात्र ती महागात पडते. तिथे उतरण्याचं गेट आणि पुढचं गेट यांच्यामध्ये एखादी बस, ट्रेन नाहीतर लांबलचक बोगदा असतो. तेवढी एक गोष्ट अडली की हातातला दीड-दोन तासांचा वेळ बघता बघता संपतो. विमान हुकतं ते बहुतेक वेळा पहिल्या पंधरा-वीस मिनिटांत घेतलेल्या चुकीच्या निर्णयांमुळे.

तिकिटावर फक्त 'मुंबई' आणि 'दिल्ली' वाचणं

२५ डिसेंबर २०२५ पासून मुंबईसाठी दोन विमानतळ आहेत. जुन्याचा कोड बीओएम, नवी मुंबईचा एनएमआय. दोन्हींमध्ये रस्त्याने तीस किलोमीटरांहून जास्त अंतर आहे, आणि संध्याकाळच्या गर्दीत हे अंतर किलोमीटरमध्ये मोजण्यात अर्थ नाही. एका तिकिटावर बीओएमला उतरून दुसऱ्यावर एनएमआयहून निघायचं असेल तर मध्ये किमान पाच-सहा तास हवेत. पुण्याहून गाडीने जाणाऱ्यांनी टॅक्सीवाल्याला नुसतं 'मुंबई एअरपोर्ट' सांगू नये. नवी मुंबईचा विमानतळ पनवेलजवळ, वाटेत आधी लागतो. सहारच्या जुन्या विमानतळावर पोचून चूक लक्षात आली तर त्याच गर्दीतून मागे यावं लागतं.

जुन्या विमानतळाचीही टी१ आणि टी२ ही दोन टर्मिनलं दोन टोकांना आहेत. विमानं एकाच धावपट्टीवरून उडतात, पण प्रवाशाला बाहेरून वळसा घालून चार-पाच किलोमीटर जावं लागतं. टर्मिनलदरम्यानची बस अडकली असेल तर मेट्रो ३ चा पर्याय आहे, दोन्ही टर्मिनलांची स्वतंत्र स्टेशनं आहेत. रात्री उशिरा आणि पहाटे मात्र मेट्रोवर विसंबू नका. तेव्हा टॅक्सीच धरावी, आणि तीही बसची वीस मिनिटं वाट पाहिल्यानंतर नव्हे, आधीच.

दिल्लीत टी२ आणि टी३ शेजारी आहेत, चालत जाता येतं. टी१ वेगळा, काही किलोमीटर लांब. टी१ ला जाणारी मेट्रो मॅजेंटा मार्गावरची, टी३ ची एअरपोर्ट एक्स्प्रेसवरची. दोन्हींना जोडणारी सरळ गाडी नाही. 'दिल्लीत काय, मेट्रो आहे' म्हणून बस सोडणाऱ्यांनी आधी नकाशा पाहावा. शटल बस मिळाली तरी उतरणं, बसची वाट, रस्ता आणि पुन्हा सुरक्षा तपासणी धरून दीड तास मोजावा.

टर्मिनल क्रमांक हा कायमचा पत्ता नसतो. २८ जून २०२४ ला दिल्लीच्या टी१ चं छत कोसळलं आणि तिथली उड्डाणं टी२, टी३ ला हलली. एप्रिल २०२५ मध्ये टी१ पूर्ण क्षमतेने सुरू झालं, तेव्हा टी२ दुरुस्तीसाठी बंद झालं आणि ऑक्टोबरमध्ये पुन्हा उघडलं. दर खेपेला आधी छापून ठेवलेल्या तिकिटांवर जुना क्रमांक राहिला. म्हणून टर्मिनल दोनदा तपासायचं: निघण्याच्या आदल्या दिवशी कंपनीच्या ॲपवर, आणि विमान टेकल्यावर फोन सुरू होताच पुन्हा.

ट्रेन थांबली की फलाटावर उभं राहणं

मोठ्या विमानतळांच्या आतल्या ट्रेन दर दोन-तीन मिनिटांनी येतात. पाच-सहा मिनिटं झाली, गाडी आली नाही आणि तीच घोषणा दुसऱ्यांदा ऐकू आली, तर थांबण्यात शहाणपण नाही. दर काही मिनिटांनी आणखी एक विमान उतरतं आणि त्यातले दीड-दोनशे लोक त्याच फलाटावर येतात. गाडी सुरू झाली तरी पहिल्या दोन-तीन फेऱ्या भरूनच जातात. ज्यांनी वाट पाहिली, त्यांना चढायलाही जागा नसते.

कर्मचाऱ्याला 'गाडी कधी सुरू होणार' हे विचारू नका, ते त्यालाही माहीत नसतं. 'चालत जायला वाट आहे का' हे विचारा. अटलांटात जमिनीखालच्या ट्रेनला समांतर पायवाट आहे, मध्ये मध्ये सरकते पट्टे आहेत. शेजारच्या दोन कॉन्कोर्समध्ये (गेटांच्या इमारतींमध्ये) साधारण तीनशे मीटर. ई पासून ए पर्यंत म्हणजे सव्वा किलोमीटरच्या आसपास, धडधाकट माणसाला वीस मिनिटं. पर्वतीच्या पायऱ्या चढणाऱ्याला यात अवघड काही नाही, पण पायवाट आहे हेच अनेकांना ठाऊक नसतं. सिंगापूरच्या चांगीत टी१, टी२, टी३ पायी जोडलेली आहेत. टी४ मात्र नाही, तिथे बसच लागते. तुमच्या विमानतळाचा नकाशा निघण्याआधी फोनमध्ये उतरवून ठेवा. जिथे सगळे एकदम वायफाय लावतात, तिथे तो ऐनवेळी उघडत नाही.

चालण्याचा हिशेब असा: हातात केबिन बॅग असेल तर मिनिटाला साठ-सत्तर मीटर, सोबत ज्येष्ठ असतील तर चाळीस. गेट उड्डाणाच्या पंचवीस मिनिटं आधी बंद होतं असं धरून उलटं मोजा. तिकिटावरची वेळ ही विमान जागेवरून हलण्याची वेळ असते. परदेशी जाणारी काही विमानं गेट आणखी लवकर बंद करतात, बोर्डिंग पासवर ते छापलेलं असतं.

व्हीलचेअर घेतलेल्यांचं गणित वेगळं. मुलांकडे अमेरिकेला एकटे निघालेले आई-बाबा गर्दी पाहून घाबरतात आणि मदतनीस येईना म्हणून खुर्ची सोडून स्वतः चालू लागतात. तसं केलं की व्हीलचेअरची नोंद 'प्रवासी आला नाही' अशी पडू शकते आणि पुढच्या टप्प्यावर खुर्ची मागावी लागते. त्यांनी विमानाच्या दाराशीच थांबावं, पुढच्या विमानाची वेळ आणि गेट मोठ्या अक्षरांत लिहिलेला कागद हातात ठेवावा आणि तोच दाखवावा. बोलून समजावण्यापेक्षा कागद जलद काम करतो.

घाईत बाहेर पडणं

आपल्याकडे सुरक्षा तपासणीच्या आतून बाहेर जाणं सोपं नाही. उड्डाण रद्द झालं तरी कंपनीच्या माणसाबरोबर, नोंद करूनच बाहेर सोडतात. आणि एकदा बाहेर पडलात की आत यायला त्या दिवसाचं चालू तिकीट लागतं, वर तपासणीची रांग पुन्हा. नवं तिकीट मिळण्याची थोडी जरी शक्यता असेल तर आतच राहा. कंपनीचा काउंटर आतही असतो आणि तिथली रांग बाहेरच्यापेक्षा सहसा लहान असते.

चेहरा ओळखून आत सोडणारं डिजियात्रा ॲप वापरणाऱ्यांची एक खास फजिती होते. तिकीट बदललं की जुना बोर्डिंग पास निरुपयोगी होतो, पण ॲपमध्ये तोच बसलेला असतो. दार उघडत नाही आणि मागचे लोक ओरडतात. नवा पास ॲपमध्ये पुन्हा चढवा, नाहीतर सरळ हाताने तपासणाऱ्या रांगेत जा.

परदेशी सिम घेऊन आलेल्यांना आपल्या विमानतळांच्या वायफायवर बहुतेकदा ओटीपी येत नाही. दिल्ली-मुंबईत पासपोर्ट स्कॅन करून वायफायचं कूपन देणारी यंत्रं आहेत, ती शोधा. उलट बाजूला, परदेशात भारतीय सिमचं रोमिंग बंद असेल तर नव्या तिकिटाचे पैसे भरताना बँकेचा ओटीपी येत नाही. ऐनवेळी हेच सगळ्यात जास्त आडवं येतं, म्हणून निघण्याआधी रोमिंग चालू आहे ना ते पाहा.

विमान दिसतंय म्हणजे ते सुटणार, असं समजणं

डिसेंबर २०२५ मध्ये देशभर उड्डाणं रद्द झाली, तेव्हा पुण्यात विमानं उभी होती पण चालवायला वैमानिक आणि कर्मचारी नव्हते. त्या विमानांनी बे, म्हणजे उभं राहण्याच्या जागा, अडवल्याने उतरलेल्या इतर विमानांनाही जागा मिळेना. वैमानिकाच्या ड्युटीचे तास संपले की विमान, इंधन, हवामान सगळं ठीक असूनही उड्डाण होत नाही. म्हणून काउंटरवर दोनच गोष्टी विचारा: आमचं विमान कुठून येतंय, आणि क्रू आला आहे का. या दोन उत्तरांवरून 'अर्धा तास उशीर' खरा की खोटा ते कळतं.

दिल्लीच्या धुक्याचंही तसंच. दाट धुक्यात उतरण्यासाठीच्या कॅट ३-बी व्यवस्थेत पन्नास मीटर दृश्यतेत विमान उतरू शकतं, पण उड्डाणाला एकशे पंचवीस मीटर लागतात. त्यातही विमान आणि वैमानिक दोघंही त्यासाठी पात्र हवेत. म्हणून 'ते विमान उतरलं, मग आमचं का थांबवलं' हा वाद घालण्यात वेळ घालवू नका. डिसेंबर-जानेवारीत दिल्लीमार्गे जायचं तर पहाटेचं कनेक्शन घेऊच नये, दुपारचं घ्यावं. तिकीट थोडं महाग पडलं तरी.

स्वतःच तिकीट रद्द करणं

चीड येते आणि माणूस ॲपवर 'कॅन्सल' दाबतो. कंपनीने रद्द केलं तर पूर्ण परतावा किंवा दुसरं उड्डाण, तुम्ही रद्द केलं तर रद्दीकरणाचा आकार तुमच्या गळ्यात. तासाभराने कंपनीनेच उड्डाण रद्द केलं तरी आधीचा हिशेब बदलायला भांडावं लागतं. कंपनीचा संदेश येईपर्यंत हात आवरा.

दुसरा घोटाळा पुण्यात नेहमीचा. पुणे-मुंबई-परदेश असं एकच तिकीट आहे, पुण्याचं विमान रखडलं, तर 'चला, एक्स्प्रेसवेने जाऊ' म्हणून गाडी काढायची. पहिला टप्पा न वापरल्यामुळे पुढचे सगळे टप्पे आपोआप रद्द होतात, परतीचेसुद्धा. रस्त्याने जायचंच असेल तर आधी कंपनीकडून पहिला टप्पा तिकिटातून काढून घ्या, बदललेलं तिकीट ईमेलवर आल्याशिवाय गाडीत बसू नका.

आणि दोन वेगळी तिकिटं म्हणजे कनेक्शन नव्हे. पीएनआर (बुकिंग क्रमांक) वेगळे असतील तर पहिल्या कंपनीच्या उशिराशी दुसरीला देणंघेणं नाही. बॅगही मध्येच काढून पुन्हा द्यावी लागते, आणि काउंटर देशांतर्गत उड्डाणाच्या तासभर आधी बंद होतो. अशा वेळी दोन टर्मिनलांमध्ये चार तासांहून कमी वेळ ठेवणं म्हणजे जुगार.

कंपनीने दुसऱ्या देशामार्गे तिकीट दिलं तर हो म्हणण्याआधी ट्रान्झिट व्हिसा लागतो का ते पाहा. ब्रिटनमधून नुसतं विमान बदलायचं असलं तरी भारतीय पासपोर्टवर सहसा व्हिसा लागतो. वैध अमेरिकी व्हिसा असणाऱ्यांना त्यातून सूट मिळते.

बॅग पुण्याची, म्हणून सोडून देणं

परदेशातून दिल्ली किंवा मुंबईमार्गे येताना टॅगवर पीएनक्यू, म्हणजे पुण्याचा कोड, लिहिलेलं असतं. तरी बहुतेक प्रवासात पहिल्या भारतीय विमानतळावर बॅग बेल्टवरून घेऊन कस्टममधून न्यावी लागते आणि ट्रान्सफर काउंटरवर पुन्हा द्यावी लागते. अमेरिकेतही पहिल्या शहरात सहसा हेच करावं लागतं. गर्दीच्या दिवशी या एका गोष्टीत पाऊण तास जातो. औषधं, चार्जर आणि कपड्यांचा एक जोड केबिन बॅगेत असू द्या. पॉवर बँक तर चेक-इन बॅगेत चालतच नाही.

हक्क माहीत नसणं

डीजीसीए या हवाई वाहतूक नियामक संस्थेच्या नियमानुसार अडीच तासांपर्यंतच्या उड्डाणाला दोन तास उशीर झाला तर खाणं-पिणं मिळतं. पुणे-दिल्ली यातच येतं. सहा तासांहून जास्त उशीर असेल तर दुसरं उड्डाण किंवा पूर्ण परतावा. रात्री आठ ते पहाटे तीनच्या दरम्यान सुटणारं विमान सहा तासांहून जास्त रखडलं तर हॉटेल.

वेळेत न कळवता उड्डाण रद्द केलं तर भरपाई मिळते: एक तासापर्यंतच्या उड्डाणाला ५,००० रुपये, दोन तासांपर्यंत ७,५००, त्याहून जास्त असेल तर १०,०००. तिन्ही बाबतींत ही रक्कम किंवा मूळ भाडं अधिक इंधन शुल्क, यातलं जे कमी असेल ते. एकाच तिकिटावरचं कनेक्शन हुकलेलेही यात येतात. धुकं, सुरक्षा, हवाई वाहतूक नियंत्रण अशा कंपनीच्या हाताबाहेरच्या कारणांना ही भरपाई नाही. म्हणूनच कारण लेखी घ्या, निदान ॲपवरच्या संदेशाचा स्क्रीनशॉट काढा.

एक अट सगळे विसरतात. तिकीट काढताना स्वतःचा फोन नंबर आणि ईमेल दिलेला नसेल तर भरपाई नाकारली जाते. एजंटकडून तिकीट काढलं की बहुतेकदा नंबर एजंटचा असतो, आणि रद्द झाल्याचा संदेशही त्यालाच जातो. तुम्ही मात्र पहाटे तीनला लोहगावला. तिकीट हातात आल्या दिवशीच कंपनीच्या वेबसाइटवर आपला नंबर जोडा.

बॅग आलीच नाही तर पुण्यात बेल्टजवळच्या काउंटरवर पीआयआर (बॅगेच्या तक्रारीची नोंद) नोंदवून, त्याचा क्रमांक घेऊनच बाहेर पडा. आंतरराष्ट्रीय प्रवासात फुटलेल्या बॅगेची लेखी तक्रार सात दिवसांत, उशिरा मिळालेल्या बॅगेची मिळाल्यापासून एकवीस दिवसांत करावी लागते. कंपनी दाद देत नसेल तर एअरसेवा या सरकारी पोर्टलवर तक्रार टाका, सोबत पीआयआर क्रमांक आणि बॅगेच्या टॅगचा फोटो जोडा. टॅगची चिकटपट्टी बोर्डिंग पासच्या मागे लावलेली असते. ती घरी पोचेपर्यंत टाकू नका.