मित्रांबरोबर घरी पोकर खेळताना या चुका टाळा

मित्रांची पोकरची बैठक तीन-चार महिने जोरात चालते आणि मग एकेक जण गळू लागतो. विचारलं तर "ऑफिसात काम वाढलंय" असं उत्तर येतं. खरं कारण बहुतेक वेळा मागच्या खेपेला टेबलावरच घडलेलं असतं. कुणाच्या खेळाला सगळे हसले, कुणाचा हाती आलेला पॉट, म्हणजे डावात जमलेला चिप्सचा ढीग, "असा नियम नाही" म्हणून ऐनवेळी गेला. डाव हरलेला माणूस पुढच्या शनिवारी हौसेने परत येतो. चारचौघांत पाणउतारा झालेला येत नाही. गोव्यात मांडवीवरच्या कॅसिनोत टेबलावर शिस्त ठेवायला पानं वाटणारा डीलर असतो, घरी ते काम आपल्यालाच करावं लागतं. पुढे जे लिहिलंय ते टेक्सस होल्डम धरून, म्हणजे प्रत्येकाच्या हातात दोन पानं आणि मध्ये पाच उघडी.

तीन पत्तीचे नियम डोक्यात ठेवून बसणं

आपल्याकडे पोकर शिकणारे बरेच जण आधी दिवाळीत तीन पत्ती खेळलेले असतात, आणि पहिली वादावादी इथेच होते. तीन पत्तीत सीक्वेन्स (ओळीने येणारी पानं) कलरच्या (सगळी एकाच चिन्हाची पानं) वर. पोकरमध्ये कलर, म्हणजे फ्लश, सीक्वेन्सच्या म्हणजे स्ट्रेटच्या वर. हे गणितातून आलंय. तीन पानांत साधा सीक्वेन्स ७२० प्रकारे जमतो आणि साधा कलर १,०९६ प्रकारे, म्हणून तिथे सीक्वेन्स दुर्मीळ. पाच पानांत स्ट्रेट १०,२०० प्रकारे जमतो आणि फ्लश ५,१०८ प्रकारे. एवढं एकदा समजावलं की माणूस हट्ट सोडतो; नुसतं "तुला माहीत नाही" म्हटलं की चिडतो.

आणखी दोन ठिकाणी घोळ होतो. एक्का-दुर्री-तिर्रीला तीन पत्तीत अनेक घरी मोठा मान असतो. पोकरमध्ये एक्क्यापासून पंजीपर्यंतचा स्ट्रेट सगळ्यांत लहान. आणि पोकरमध्ये इस्पिक, बदाम, चौकट, किलवर सगळे सारखे. दोघांचे हात, म्हणजे जमलेली उत्तम पाच पानं, तंतोतंत सारखे ठरले तर पॉट निम्मा-निम्मा वाटायचा, "माझं इस्पिक आहे" हे चालत नाही. हातांची उतरंड एका कागदावर छापून टेबलावर ठेवा. नवख्याला दर वेळी विचारावं लागत नाही, आणि त्याने काय विचारलं यावरून त्याच्या हातात काय आहे तेही इतरांना कळत नाही.

पानं टाकल्यावर तोंड उघडणं

समजा, तुम्ही गुलाम-चव्वी टाकून दिली आणि फ्लॉपवर, म्हणजे मधल्या पहिल्या तीन उघड्या पानांत, दोन गुलाम आले. तुम्ही कपाळावर हात मारला. झालं! तुमचा गुलाम गेला, बाहेर आता एकच उरलाय हे सगळ्यांना कळलं. तीन गुलाम हातात असल्याचा आव आणून दुसऱ्याला पळवू पाहणाऱ्याची युक्ती तुमच्या एका "अरेरे"ने निम्मी फुकट गेली, आणि समोरच्याला नको तो धीर आला. पॉट दुसऱ्यांचा असताना त्यात आपण ढवळाढवळ केली असा त्याचा अर्थ होतो. "याच्याकडे फ्लश दिसतोय हं" ही शेरेबाजीही तशीच. हात ज्याचा, निर्णय त्याचाच.

पाळी नसताना फोल्ड करणं, म्हणजे पानं टाकून डाव सोडणं, हेही यातच येतं. कंटाळा आला म्हणून आधीच पानं फेकली की मधल्या खेळाडूला एक प्रतिस्पर्धी कमी झाल्याचं फुकटात कळतं. टेबलावर दर वेळी एकच जण असं करत असेल तर त्याला बाजूला घेऊन सांगा, सगळ्यांसमोर नको.

न विचारता शिकवणं

बैठक मोडणारी सगळ्यांत मोठी चूक मला हीच वाटते, कारण करणाऱ्याला आपण उपकार करतोय असं वाटतं. नवख्याने सत्ती-दुर्रीवर कॉल केलं, म्हणजे समोरच्याइतक्याच चिप्स लावल्या, रिव्हरवर (शेवटच्या उघड्या पानावर) सत्तीची जोडी लागली, तो जिंकला. हरलेला अनुभवी खेळाडू लगेच सुरू होतो: "यावर कुणी कॉल करतं का? टक्केवारी बघ जरा." टक्केवारी बरोबर असेलही. पण त्या माणसाला महिन्याभरात मिळालेला तो पहिला आनंद होता, आणि तो हिसकावून घेतला गेला. "छान हात" एवढं म्हणून पुढचा डाव वाटावा. त्याने स्वतः विचारलं तर बैठक संपल्यावर चहा घेताना सांगावं, तेही एकच गोष्ट.

बायका टेबलावर असल्या की हा उपदेश दुप्पट होतो. शेजारी बसलेला दीर किंवा मित्र सरळ पानं वाकवून बघतो आणि "वहिनी, टाका ही" म्हणतो. वहिनी टाकतात, आणि मग दोन तास दुसऱ्याच्या डोक्याने खेळतात. त्यांना पुढच्या वेळी "मी स्वयंपाकघरात बघते, तुम्ही खेळा" असं म्हणावंसं वाटलं तर दोष कुणाचा? शिकवायचंच असेल तर सुरुवातीचे तीन-चार डाव सगळ्यांनी पानं उघडी ठेवून खेळा. मग प्रत्येकाला एकटं सोडा.

जिंकलेला हात ताणून दाखवणं

शेवटी समोरच्याने आनंदाने दोन जोड्या उघडल्या. तुमच्या हातात फुल हाउस (एकाच आकड्याची तीन पानं आणि एक जोडी) आहे हे तुम्हाला पक्कं ठाऊक आहे. तरी तुम्ही सुस्कारा टाकता, एक पान दाखवता, मग थांबता, तो चिप्स ओढायला हात पुढे करतो आणि तेव्हा तुम्ही दुसरं पान आपटता. जगभरच्या पोकर टेबलांवर याला स्लो-रोल म्हणतात आणि याच्याइतकी निंदा फार थोड्या गोष्टींची होते, जरी हे सहसा नियमाबाहेर नसतं. डाव चालू असताना फसवणं हा खेळ आहे, तिथे हवी तेवढी थाप मारा. सगळी बोली संपल्यावर फसवण्यात खेळ उरत नाही, समोरच्याची फजिती तेवढी उरते. जिंकणारा हात असेल तर दोन्ही पानं ताबडतोब उघडी टाका.

घरच्यांना सांभाळून घेणं

नवरा-बायको, दोघे भाऊ, एकाच खोलीत राहणारे दोघे: हे एकमेकांविरुद्ध रेज करत नाहीत, म्हणजे बोली वाढवत नाहीत, नुसतं चेक-चेक करत, काही न लावता पुढे जातात. हेतू प्रेमळ असतो, पण त्यांनी वाचवलेल्या चिप्स शेवटी बाकीच्यांविरुद्ध वापरल्या जातात. अशांना शेजारी बसवू नका, आणि सुरुवातीलाच हसतमुखाने सांगा की टेबलावर नातं नाही.

पैसा

माझं मत स्पष्ट आहे: घरची बैठक बिनपैशांची ठेवा. महाराष्ट्रात १८८७ चा जुगार प्रतिबंधक कायदा आहे. निव्वळ कौशल्याचे खेळ त्यातून वगळलेले आहेत, पण पोकर त्यात मोडतो का याबद्दल न्यायालयांचा सूर एक नाही. गुजरात उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये तो जुगार ठरवला होता. यजमानाने जागेचे पैसे किंवा पॉटमधला वाटा घेतला तर गोष्ट आणखी गंभीर होते. पैसे लावून ऑनलाइन खेळायला तर २०२५ च्या केंद्रीय कायद्याने बंदीच घातली आहे. कायदा बाजूला ठेवला तरी मित्राकडे राहिलेली उधारी हा विषय कुणालाच काढता येत नाही आणि विसरताही येत नाही.

बिनपैशांच्या खेळात "काय जातंय" म्हणून पहिल्याच डावाला सगळे ऑल-इन करतात, म्हणजे असतील तेवढ्या चिप्स लावतात, ही तक्रार खरी आहे. त्यावर उपाय स्पर्धेचा: प्रत्येकाला सारख्या चिप्स, संपल्या की बाद, ब्लाइंड (पानं बघण्याआधीच लावायच्या सक्तीच्या चिप्स) दर वीस मिनिटांनी वाढवायचे. वर्षभराचा गुणतक्ता भिंतीवर लावला की लोक चिप्स जपून लावतात. मात्र पहिला बाद झालेला दोन तास मोबाइल बघत बसणार नाही याची सोय करा. एका लांब फेरीऐवजी दोन छोट्या घ्या, आणि बाद झालेल्याला पानं पिसायला-वाटायला बसवा. डीलर झाला की तो पुन्हा मैफलीत येतो. भेळ-भजी मात्र फेऱ्यांच्या मध्ये, नाहीतर तेलाच्या डागावरून एक्का ओळखू येतो.

वाद झालाच तर

यजमानाचा निर्णय त्या डावापुरता अंतिम, हे पहिल्या वाटपाआधी ठरवा. चालू डावात नियम बदलायचा नाही. निर्णय चुकला असं नंतर वाटलं तर बैठक संपल्यावर सगळ्यांनी मिळून ठरवायचं, लिहून ठेवायचं आणि पुढच्या वेळेपासून लागू करायचं. ज्याच्याविरुद्ध निर्णय गेला त्याला दुसऱ्या दिवशी यजमानाने स्वतः फोन करावा. ग्रुपवर मेसेज टाकून भागत नाही.