मिनी ट्रॅक्टरची हिच पिन हरवली : नवी आणण्याआधीची तयारी

ट्रॅक्टरला अवजार जोडणारी हिच पिन पडली ते त्या क्षणी कधीच कळत नाही. कळतं ते तासाभराने, अवजार एका अंगाला झुकल्यावर, नाहीतर सोडायला वाकलो की रिकाम्या भोकातून पलीकडचा उजेड दिसतो तेव्हा. अशा वेळी टूलबॉक्समध्ये हाताला लागेल तो बोल्ट ठोकून उरलेलं काम उरकावंसं वाटतं. तो बोल्ट टूलबॉक्समध्येच राहू द्या. का, ते पुढे येईलच.

आधी आहात तिथेच थांबा. पीटीओ (इंजिनाची ताकद अवजाराला देणारा फिरता शाफ्ट) बंद करा, लिव्हर पूर्ण खाली घेऊन अवजार जमिनीवर टेकवा, हँडब्रेक ओढा, इंजिन बंद करून किल्ली खिशात टाका. ट्रॅक्टरच्या मागे अवजार उचलणाऱ्या खालच्या दोन हातांपैकी एकाची पिन गेली असेल तर ‘उचलून हळूहळू नेऊ’ हा विचार नकोच. सगळं वजन एका हातावर येतं, अवजार पीळ खातं, मोकळा हात मागच्या टायरला घासतो आणि रोटाव्हेटर असेल तर शाफ्टचा कोन भलताच होतो. टॉप लिंकची, म्हणजे वरच्या मधल्या दांड्याची गेली असेल तर उचलताच अवजार खालच्या दोन पिनांभोवती मागे कलंडतं. ट्रॅक्टर न्यायचाच असेल तर अवजार तिथेच सोडा, मोकळे हात दोरीने बांधून घ्या आणि नुसता ट्रॅक्टर न्या.

निघण्याआधी शेवटच्या दोन-तीन फेऱ्यांच्या मागावरून चालत जाऊन पिन शोधा, विशेषतः जिथे वळलात आणि जिथे अवजार उचललंत तिथे. मातीत राहिलेली पिन पुढे कधीतरी टायरमध्ये नाहीतर रोटाव्हेटरच्या पात्यांत सापडते, आणि तेव्हा तिची किंमत नव्या पिनेपेक्षा फार जास्त पडते. शिवाय सापडलेली पिन काय घडलं ते सांगते. सरळ आणि धड असेल तर दोष तिचा नाही, तिच्या टोकाच्या भोकात बसून तिला अडकवणाऱ्या छोट्या, कडीच्या लिंच पिनचा आहे. वाकलेली असेल किंवा मधोमध खाचली असेल तर भोक, बुश (भोकात बसणारी धातूची नळी) किंवा ओझं यांत काहीतरी बिनसलंय, आणि नवी पिनही त्याच वाटेने जाणार.

आता माप. नेमकी चूक इथेच होते, म्हणून इथे घाई नको. थ्री पॉइंट लिंकेजचे, म्हणजे खालचे दोन हात आणि टॉप लिंक या जोडणीचे, वर्ग ठरलेले असतात. वर्ग १ मध्ये वरची पिन १९ मिमी आणि खालच्या २२ मिमी, वर्ग २ मध्ये वरची २५ आणि खालच्या २८. अगदी छोट्या ट्रॅक्टरांवर वर्ग ० दिसतो, त्यात वर-खाली दोन्हीकडे १६. हे आकडे मुळात इंचांतले, म्हणून व्हर्नियरवर (बारीक माप घ्यायच्या साधनावर) २२.२ किंवा १९.१ दिसलं तर गोंधळू नका. बहुतेक मिनी ट्रॅक्टर वर्ग १ मध्ये बसतात, पण ‘बहुतेक’ या शब्दावर विसंबून खरेदी करू नका. ट्रॅक्टर वर्ग १ चा आणि अवजार वर्ग २ चं, अशी जोडीही सर्रास असते. तिथे मधलं अंतर भरायला बुश लागतो. बुश न घालता बारीक पिन मोठ्या भोकात टाकली की ती फक्त एका रेषेवर टेकते आणि भोक दर खेपेला थोडं थोडं खाते.

दुसऱ्या बाजूची शाबूत पिन काढून तिचं माप घ्यायचं, हे सगळेच करतात. पण ते कुठे घ्यायचं ते बघा. पिन हातात घेऊन फिरवा. मधला भाग चकचकीत, आणि नख फिरवलं तर एका बाजूला उथळ खळगा लागतो. डोक्याला लागून मात्र मूळचा पिवळसर मुलामा अजून टिकलेला असतो. माप तिथलं घ्या. मी एकदा मधल्या भागावर व्हर्नियर लावून २१ मिमी लिहून नेलं होतं आणि त्या मापाची पिन कुठे मिळेना म्हणून त्रागा करत बसलो होतो. ती पिन २२ चीच होती, एक मिलिमीटर आठ वर्षांत झिजला होता.

भोकाचं माप दोनदा घ्या, एकदा उभं आणि एकदा आडवं. दोन्हींत मिलिमीटरभर फरक असेल तर भोक लांबोळं झालंय. अर्धा-पाऊण चालून जातो. त्यापुढे गेलं की नवी पिन बसेल, पण खडखडत राहील आणि लिंच पिनला रोज हिसके देईल. अशा वेळी खालच्या हाताच्या टोकाचा बॉल (पिन जिच्यातून जाते ती गोळी) किंवा बुशही यादीत घाला.

तिसरं माप लांबीचं, आणि ते पिनेच्या पूर्ण लांबीचं नव्हे. डोक्याच्या आतल्या बाजूपासून लिंच पिनच्या भोकाच्या जवळच्या काठापर्यंत मोजा. जे भाग जोडायचे त्यांच्या एकूण जाडीपेक्षा हे अंतर दोन-चार मिमी जास्त असलं की पुरे. कमी असेल तर लिंच पिन जातच नाही. फार जास्त असेल तर सगळं इकडून तिकडे सरकतं आणि बाहेर आलेल्या टोकात काडीकचरा अडकून लिंच पिन उपटली जाते. लिंच पिनच्या भोकाचा व्यासही याच कागदावर लिहून ठेवा.

आता त्या बोल्टबद्दल. बोल्ट कमजोरच असतो असं नाही, डोक्यावर ८.८ किंवा १०.९ ही प्रत कोरलेला चांगला कठीण असतो. अडचण आट्यांची आहे. एम२० (२० मिमी जाड) बोल्टचं दांड्यावरचं क्षेत्रफळ ३१४ चौरस मिमी, पण आट्यांच्या भागात हिशेबात धरायचं ते फक्त २४५. जोडलेले भाग बोल्टला कात्रीसारखे कापू पाहतात नेमकं त्या जागी आटे आले की जवळपास पाव भाग ताकद गेली, वर ते आटे कानशीसारखे भोक घासतात ते वेगळंच. आणि थरथरीने नट सैल होतो. साधी सळई तर वाकते आणि मग ठोकूनही निघत नाही. हिच पिन म्हणून विकली जाते तीच घ्या. पीटीओ शाफ्टच्या शिअर बोल्टचा नियम मात्र बरोबर उलटा. तो तुटण्यासाठीच असतो, तिथे जास्त कठीण बोल्ट घातला की गिअरबॉक्स तुटतो. दोन्हींचे डबे वेगळे ठेवा.

लिंच पिना नेहमी जास्तीच्या घ्या. पिनेची कडी फटकन बसली पाहिजे. दोन बोटांनी सहज उलटत असेल तर स्प्रिंग मेलीय, ती फेकून द्या.

बसवायच्या दिवशी सपाट जागा, वायर ब्रश, ग्रीस, हातोडी आणि एक निमुळता पंच एवढं जवळ असू द्या. भोकं जुळली का ते बघायला बोट घालू नका, पंच घाला. अवजार इंचभर हललं तरी बोट जातं. मदतीला कोणी असेल तर इंजिन चालू असताना त्याने ट्रॅक्टर आणि अवजार यांच्या मध्ये उभं राहायचं नाही, हे आधीच बजावा. आधी डावा हात जोडा, मग उजवा, कारण वर-खाली करायची सोय बहुधा उजव्याच बाजूला असते, आणि शेवटी टॉप लिंक. पिन हातोडीचे घाव घालूनच जात असेल तर माप चुकलंय किंवा भोकं जुळलेली नाहीत. ट्रॉलीच्या हुकाची पिन असेल तर ती वरूनच घाला. म्हणजे खालची लिंच पिन पडली तरी मोठी पिन स्वतःच्या वजनाने जागेवर राहते.

जोडून झालं की अवजार वीतभर उचला, खाली ठेवा, इंजिन बंद करून सगळ्या कड्या पुन्हा बघा. पहिल्या अर्ध्या तासानंतर आणखी एकदा. नव्या पिनेच्या डोक्याला भडक लाल रंग लावा, म्हणजे पुढच्या खेपेला मातीत शोधायला सोपं. जुनी सापडलीच आणि सरळ असली, तर तिला ग्रीस लावून सीटखालच्या डब्यात टाका. वाकडी असली तर भंगारात.