थंडीत नव्या सापाची ऊब आणि खाणं कसं सांभाळावं

सापाचं पचन बाहेरून मिळणाऱ्या उबेवर चालतं. अंग गार असेल तर गिळलेलं भक्ष्य पोटात तसंच राहतं, सडू लागतं आणि साप ते उलटून टाकतो. म्हणून क्रम ठरलेला: आधी ऊब, मग खाणं.

पाळीव साप घरी येण्याच्या दोन दिवस आधीच त्याला ठेवायची पेटी ऊब लावून चालू करून ठेवा. दुपारी ठीक वाटणारी पेटी पहाटे चारला किती गार पडते, ते तेव्हाच कळतं.

हीट मॅट, म्हणजे विजेवर तापणारी चपटी चटई, पेटीच्या एकाच टोकाला, तळाच्या साधारण एक-तृतीयांश भागाखाली बसवा. दुसरं टोक गारच राहू द्या, कारण साप जागा बदलूनच आपलं तापमान सांभाळतो. कॉर्न स्नेक आणि बॉल पायथन या पाळीव सापांच्या दोन जाती. कॉर्न स्नेकला उबदार टोकाला २९ ते ३१ अंश सेल्सिअस आणि गार टोकाला २२ ते २५ अंश पुरतात. बॉल पायथनला हेच ३१ ते ३३ आणि २५ ते २७ हवं. दोन्ही टोकांना लपायला एकेक अंधारी जागा ठेवा. ती एकाच टोकाला असली, की बुजलेला नवा साप ऊब सोडून आडोशालाच बसून राहतो.

थर्मोस्टॅटशिवाय, म्हणजे ठरलेल्या तापमानाला मॅटची वीज तोडणाऱ्या यंत्राशिवाय, हीट मॅट लावूच नका. मॅट हळूहळू तापत जाते आणि पोटाखालची कातडी भाजत असतानाही साप वेळेत बाजूला सरकेलच असं नाही. थर्मोस्टॅटचा प्रोब, म्हणजे तापमान मोजणारं टोक, मॅटच्या बरोबर वर पक्का चिकटवा. सैल राहिला तर साप तो ढकलून देतो, मग गार जागा मोजली जाते आणि मॅट तापतच राहते. खात्रीसाठी वेगळा डिजिटल थर्मामीटर ठेवा. पेटीत ठेवायचे तापणारे दगड मात्र घेऊ नका, ते एका जागी भाजतात.

खोलीत हीटर असेल तर हवा कोरडी पडते आणि कात तुकड्यातुकड्यांनी निघते. पाण्याचं भांडं रोज ताजं भरा, कात टाकायच्या दिवसांत ओलसर शेवाळाचा एक डबा आत ठेवा.

आता खाणं. पहिले पाच ते सात दिवस सापाला हात लावू नका आणि खायलाही घालू नका. मी माझ्या पहिल्या कॉर्न स्नेकला दुसऱ्याच दिवशी, पेटी पुरती गरम व्हायच्या आत उंदीर दिला होता. चौथ्या दिवशी सकाळी पेटी उघडली तेव्हा तो अर्धवट पचलेला उंदीर बाहेर पडला होता आणि पिल्लू पाण्याच्या भांड्यामागे मुटकुळं करून बसलं होतं. असं झालं तर किमान दहा दिवस थांबा, तापमान दुरुस्त करा आणि मग नेहमीपेक्षा लहान भक्ष्य द्या.

गोठवलेला उंदीर रात्रभर फ्रिजमध्ये वितळवा. मग बंद पिशवीत घालून कोमट पाण्यात ठेवा. मायक्रोवेव्ह नको, त्यात उंदीर आतून शिजतो आणि फुटतो. बोटाने पोट दाबून पाहा: मधे कडक, गार गाठ लागली तर अजून थांबा. उंदराची जाडी सापाच्या सर्वांत जाड भागाइतकीच असावी. चिमट्याने शेपटीकडून धरून, उबदार टोकाला द्या. पिल्लाला पाच ते सात दिवसांनी, मोठ्या कॉर्न स्नेकला दहा ते चौदा दिवसांनी पुरतं. खाल्ल्यावर ४८ तास त्याला उचलू नका.

बॉल पायथन थंडीत कित्येक आठवडे, कधी महिनोन्‌महिनेही तोंड लावत नाही. मोठा, धष्टपुष्ट साप असेल तर घाबरू नका. आठवड्यातून एकदा वजन करून लिहून ठेवा. वजन दहा टक्क्यांनी घटलं, किंवा साप तोंड उघडून श्वास घेऊ लागला, घरघरू लागला, तोंडाशी बुडबुडे दिसले, तर सरपटणाऱ्या प्राण्यांचे जाणकार पशुवैद्य गाठा. छोटं पिल्लू खात नसेल तर एवढीही वाट पाहू नका.

वीज गेली तर पेटीभोवती जाड पांघरूण गुंडाळा, हवेची भोकं मोकळी ठेवा. कोमट पाण्याच्या बाटल्या कापडात गुंडाळून पेटीच्या बाहेरून टेकवा. काही तास गार पडल्याने निरोगी सापाचं सहसा बिघडत नाही, पण त्या काळात खायला घालू नका. वीज आल्यावर तापमान सलग दोन दिवस नीट टिकू द्या, त्यानंतरच पुढचा उंदीर फ्रीझरमधून काढा.