मामा तलावांबद्दल कार्यक्रम ठेवताय? आधी परतीची एसटी बघा

मामा तलाव म्हणजे आपल्या विदर्भातले माजी मालगुजारी, जुन्या मालगुजारांच्या (जमीनदारांच्या) ताब्यातले तलाव. त्यांच्यावर गावच्या माणसाला बोलायला बोलवताय, तर हॉल, पत्रिका, हारतुरे सगळं नंतर. गावाकडून बोलायला येणाऱ्या माणसाची परतीची शेवटची एसटी किती वाजता, ते आधी विचारा. मागच्या जानेवारीत भंडाऱ्याकडचे एक ढिवर (मासेमार समाजाचे) काका आमच्या वस्तीत बोलायला आले होते. प्रश्नोत्तरं साडेआठपर्यंत रंगली. नागपूरच्या गणेशपेठ स्टँडवर पोचलो तर गाडी गेलेली. घरी चला म्हटलं, तर म्हणाले, "नाही जी, पहाटे जाळं काढाचं हाये." सत्काराची शाल पांघरून रात्रभर बाकावर बसले. आमच्या सत्काराचा उपयोग झाला तो एवढाच.

तारीख धरताना मार्च-एप्रिल टाळा. मोहफुलं रात्रीतून गळतात, उजाडायच्या आधीच वेचणारे रानात असतात. मे महिन्यात तेंदूपत्ता, वर आपलं नागपूरचं ऊन. पावसाळ्यात धानाची रोवणी. धान घरात आल्यावर, डिसेंबर-जानेवारीत ठेवा. म्हणजे अंधार लवकर पडतो, म्हणजे एसटी. बघितली का?

वक्त्याला 'पर्यावरण' हा विषय देऊ नका बाप्पा, भाषण होतं. एकाच तलावाबद्दल विचारा: पाळ (तलावाचा बांध) कोण सांभाळायचं, मालगुजारी 1950 नंतर गेली तेव्हा गाळ काढायचं काम कोणावर आलं, बेशरम (पाण्याकाठची रानटी झुडपं) माजली की मासळीचं काय होतं. कोहळी समाजाने बांधलेल्या तलावांबद्दल सांगणारं कोणी मिळालं तर तेही बोलवा. गोंडी बोलणारी आजी येणार असेल तर दुभाष्याला आधी तिच्याशी तासभर बसू द्या. गोंडी मराठीसारखी नाही, ऐनवेळी अंदाजाने जमत नाही. रेकॉर्डिंगची परवानगी चार लोकांसमोर नको, आधी एकटं गाठून विचारा. औषधी झाडाची जागा सांगायची नसेल तर खोदून विचारू नका.

प्रोजेक्टर कशाला? वाळलेली मोहफुलं परातीत फिरवा, लोक वास घेतात आणि बोलायला लागतात.

रोजी बुडते, तिचे पैसे आणि भाडं पाकिटात घालून आल्याआल्या द्या.

माईक, सतरंज्या, चहा, ठीक. सुरुवात तीनला. पाचला थांबवा, प्रश्न उरले तर उरू द्या. आभार दोन वाक्यांत. स्टँडवर सोडणारा एकच माणूस नेमा, भाषण ऐकत बसणार नाही असा. तो पाच वाजता दारात गाडी सुरू करून उभा.