फोटो ‘शार्प नाही’ म्हणजे नेमकं काय?

हौशी मंडळींच्या फोटोंवर येणारे अभिप्राय बहुधा दोनच जातींचे असतात. एक ‘कडक भावा, एक नंबर!’ आणि दुसरा ‘शार्प नाही वाटत’. पहिल्याने काढणारा खूश होतो, दुसऱ्याने हिरमुसतो. पुढच्या वेळी कॅमेऱ्यावर काय बदलायचं हे मात्र दोन्हींतून कळत नाही. फोटोत दिसतं ते लक्षण असतं. अभिप्रायात यायला हवं ते त्यामागचं कारण.

‘शार्प नाही’ हेच घ्या. फोटो शंभर टक्के मोठा करून चारही कोपरे आणि मध्य पाहा. प्रत्येक ठिपक्याला एकाच दिशेने शेपटी फुटली असेल तर कॅमेरा हलला आहे. शटर (प्रकाश आत येण्याचा वेळ) किती होतं ते बघा. ट्रायपॉड असूनही हललं असेल तर स्टॅबिलायझेशन (हादरा सावरणारी यंत्रणा) चालू राहिलं होतं का, हे विचारा. पायाशी असलेला दगड धूसर आणि मागचा कडा टोकदार असेल तर फोकस फार लांब गेला. फुल फ्रेम (३५ मिमी फिल्मएवढ्या सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर २४ मिमी लेन्स आणि अॅपर्चर (प्रकाश आत येण्याचं छिद्र; एफचा आकडा मोठा तितकं लहान) एफ/११ असेल, तर साधारण दोन मीटरवर फोकस केला की सुमारे एक मीटरपासून क्षितिजापर्यंत सगळं पुरेसं स्पष्ट येतं. खडक ठीक पण गवत विस्कटलेलं, म्हणजे वारा. आयएसओ (सेन्सरची प्रकाशाला संवेदनशीलता) वाढवून शटर वेगवान करायला सांगा. जवळची झाडं नीट आणि दूरचा डोंगरच थरथरल्यासारखा दिसतो, म्हणजे तापलेली हवा. त्यावर सकाळी लवकर जाण्याशिवाय उपाय नाही, एडिटिंगमध्ये शार्पनिंग वाढवून तर मुळीच नाही. आणि सगळीकडे सारखाच मऊपणा, वर अॅपर्चर एफ/२२? मग ते विवर्तन, म्हणजे लहान छिद्रातून जाताना प्रकाशाचं पसरणं. एफ/८ ते एफ/११ वर या. पाच कारणं, पाच वेगळे उपाय, आणि अभिप्राय मात्र एकच शब्द!

क्षितिज तिरकं आहे असं म्हणण्याआधी थोडं थांबा. सह्याद्रीत डोंगराची धार मुळातच उतरती असते, तिच्यावरून ठरवू नये. पाण्याची कड, देवळाची भिंत, दीपमाळ अशा खात्रीच्या रेषेवरून ठरवावं. वाइड लेन्सवर पोलरायझर (चमक कापणारा फिल्टर) लावल्याने आकाशाचा एकच पट्टा गडद झालेला असतो, तो नंतर दुरुस्त करणं त्रासाचं असतं. उलट कड्याभोवती उमटलेली पांढरी किनार एडिटिंगमधला क्लॅरिटीचा (कडा उठावदार करणारा) स्लायडर मागे आणला की जाते. कोणती चूक घरी सुधारता येईल आणि कोणत्या चुकीसाठी पुन्हा गड चढावा लागेल, हा फरक सांगितलाच पाहिजे.

इन्फ्रारेड, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या लालपलीकडच्या प्रकाशात काढलेल्या, फोटोंवर सगळ्यात जास्त अन्याय होतो. ‘झाडांवर बर्फ पडलाय का?’ ‘आकाश काळं का केलंस?’ ही तिथली चूक नव्हे, तो त्या प्रकाशाचा स्वभाव आहे. पानांच्या आतल्या पेशींची रचना जवळचं इन्फ्रारेड जोरात परावर्तित करते, म्हणून झाडं पांढरी दिसतात. रॉबर्ट वूड यांनी १९१० साली असे फोटो प्रसिद्ध केले, म्हणून याला वूड परिणाम म्हणतात. निरभ्र आकाश आणि स्वच्छ पाणी गडद येतं. लांबचा धुरकटपणा कमी होतो, पण खरं धुकं हटत नाही. त्यामुळे ढगात बुडालेल्या कोकणकड्याच्या फोटोवर ‘इन्फ्रारेडमध्ये काढ, आरपार दिसेल’ असा सल्ला देऊ नये.

आधी तीन गोष्टी विचारा: कॅमेरा इन्फ्रारेडसाठी आतून बदलून घेतलेला आहे की लेन्सवर फिल्टर लावलाय, फिल्टर किती नॅनोमीटरचा (म्हणजे कोणत्या तरंगलांबीपासून पुढचा प्रकाश सोडणारा), आणि व्हाइट बॅलन्स (रंगछटा न धरता पांढरं-करडं कशाला मानायचं ते) कशावर केला. साध्या कॅमेऱ्यात सेन्सरपुढची काच इन्फ्रारेड अडवते, म्हणून ७२० च्या फिल्टरने भर उन्हातही कित्येक सेकंदांचं एक्स्पोजर लागतं. अशा फोटोत पानं पुसट झाली म्हणून ‘शटर वेगवान कर’ सांगणं व्यर्थ. वारा पडलेली वेळ निवडायला सांगा, आणि फ्रेम व फोकस फिल्टर चढवण्याआधी ठरवायला सांगा. मात्र इन्फ्रारेडचा फोकस दृश्य प्रकाशाहून थोडा सरकतो. जुन्या लेन्सवर त्यासाठी लाल खूण असायची. बदललेल्या डीएसएलआरवर व्ह्यूफाइंडरऐवजी लाइव्ह व्ह्यूने फोकस करावा.

मधोमध फिकट गोल डाग दिसला की बरेच जण त्याला ऊन किंवा धुकं समजतात. तो लेन्सचा हॉटस्पॉट असतो. खात्रीसाठी तेच दृश्य एफ/५.६ आणि एफ/१६ वर काढायला सांगा. अॅपर्चर लहान करताच डाग ठसठशीत झाला, तर निदान पक्कं. उपाय एफ/८ च्या आत राहण्याचा, नाहीतर दुसरी लेन्स लावण्याचा. डाग अगदी फिका असेल तर गोल मास्कने मध्य थोडा गडद करून भागतं.

सगळा फोटो लालभडक असेल तर तो अजून कच्चा आहे, बिघडलेला नाही. हिरव्या गवतावर व्हाइट बॅलन्स घ्यावा. लाइटरूम या एडिटिंग सॉफ्टवेअरमधला त्याचा स्लायडर २००० केल्विनलाच अडतो, म्हणून वेगळं कॅमेरा प्रोफाइल करून घ्यावं लागतं. निळं आकाश हवं असेल तर चॅनल मिक्सरमध्ये (लाल, हिरवा, निळा या रंगांची अदलाबदल करणाऱ्या साधनात) लाल आउटपुटला लाल ०, निळा १००. निळ्या आउटपुटला लाल १००, निळा ०. फिल्टर ८५० चा असेल तर हा सल्ला देऊच नका. तिथे रंगच जवळपास नसतो, कृष्णधवल उत्तम. पानांऐवजी कापूस दिसतोय? मग एकत्रित हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख) नव्हे, एकट्या लाल चॅनलचा पाहायला सांगा. बहुतेक वेळा तोच उजवीकडे आपटलेला असतो, म्हणजे उजळ भागातला तपशील गेलेला.

कासचा फुलांचा गालिचा इन्फ्रारेडमध्ये हमखास फसतो. रंग गेला की फुलं आणि गवत दोन्ही फिकटच, एकमेकांपासून वेगळी दिसत नाहीत. तिथे ‘रचना कमकुवत’ म्हणण्यापेक्षा एकटं झाड, ढग, काळं दिसणारं तळ्याचं पाणी सुचवा.

मग अभिप्राय असा होतो: ‘काळा कातळ आणि उजळ गवत यांचा विरोध छान पकडलाय, नजर थेट बुरुजावर जाते. मध्यावर फिका डाग आहे, एफ/१३ वर हॉटस्पॉट आलेला दिसतो, एफ/७.१ वर करून बघ. डावीकडचं अर्धं झुडूप क्रॉप केलं तरी चालेल.’ बोलायचं फोटोबद्दल, ‘तुला जमत नाही’ असं माणसाबद्दल नाही. एका वेळी दोन मुद्दे पुरे. दुसऱ्याचा फोटो स्वतः एडिट करून दाखवायचा असेल तर आधी विचारावं.

आणि व्हॉट्सॲपवरून फोटो म्हणून आलेली प्रत तपासत बसू नये. आकाशातले चौकोनी पट्टे त्या दाबलेल्या फाइलचे असू शकतात. मूळ फाइल डॉक्युमेंट म्हणून मागवावी आणि फोनवर नाही, मोठ्या स्क्रीनवर उघडावी.